हवेचे प्रवेशमुख केवढे असावे?

कोलकात्याच्या जुन्या डलहौसी चौकाच्या, म्हणजे सांप्रतच्या बिनय-बादल-दिनेश बागेच्या, पश्चिमेस जनरल पोस्ट ऑफिसची घुमट असलेली इमारत १८६८ पासून उभी आहे. ह्या परिसरात त्यापूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला फोर्ट विल्यम किल्ला होता. बेशिस्त शिपायांना कोंडून ठेवण्यासाठी किल्ल्यात एक लहानशी खोली राखलेली होती. तिची लांबी १८ फूट, रुंदी सुमारे १५ फूट, आणि हवा येण्यास पश्चिमेकडील एकाच भिंतीत लोखंडी गज बसविलेल्या दोन खिडक्या. २० जून १७५६ रोजी सिराजउद्दौल्याच्या सैन्याने किल्ला घेतल्यावर त्या रात्री पकडलेले लोक ह्या खोलीत कोंडण्यात आले आणि सकाळपर्यंत त्यांपैकी पुष्कळसे मरण पावले. हॉलवेल नावाचा कंपनीचा अधिकारी स्वतः त्यांत होता. कोंडलेले १४६ आणि वाचलेले २३, असे त्याने लिहून ठेवले. हा आकडा फुगविलेला आहे, असे पुढील काळातील इतिहासकारांचे मत पडले. ब्रिजेन गुप्त यांच्या अंदाजाप्रमाणे कोंडलेले ६४ आणि वाचलेले २१ होते. राज्यकर्त्यांनी ह्या कथेचा आपल्या सोयीने जो उपयोग केला त्याची चीड लोकांत इतकी होती, की सुभाषचंद्र बोस यांनी पुकारलेल्या चळवळीनंतर १९४० मध्ये हॉलवेलचा स्मृतिस्तंभ चौकातून हलवावा लागला.

इतिहासाचा हा वाद बाजूस ठेवला तरी वायुवीजनशास्त्राच्या दृष्टीने त्या खोलीचे महत्त्व कमी होत नाही. माणसे पुष्कळ आणि हवेची वाट अपुरी असली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण म्हणून एकोणिसाव्या शतकातील आरोग्यविषयक इंग्रजी ग्रंथांतून तिचा उल्लेख वारंवार येतो. इमारतीत बाहेरची हवा घेण्यासाठी ठेवावयाचे द्वार किती मोठे असावे, ह्या वरवर रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार त्या दोन खिडक्यांपासून सुरू करणे म्हणूनच गैर ठरणार नाही.

दोष हवेचा की उष्णतेचा?

त्या काळच्या वैद्यांची समजूत अशी होती, की उच्छ्वासाबरोबर एखादे अज्ञात विष बाहेर पडते व कोंडलेल्या जागेत ते साचून माणसास मारते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही समजूत मोडली. १९०५ च्या सुमारास ब्रेस्लाउ येथील फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेत आणि त्यानंतर लंडनमध्ये लेनर्ड हिल यांनी माणसांना बंद पेटीसारख्या खोल्यांत बसवून प्रयोग केले. आतील हवा दूषित झाली, उकाडा व दमटपणा वाढला आणि आतील लोक कासावीस झाले. परंतु आतला पंखा सुरू करताच, हवा तीच दूषित असूनही, त्यांना हायसे वाटले. उलट, आत बसलेल्या माणसास नळीवाटे बाहेरची शुद्ध हवा श्वसनास दिली तरी त्याचा त्रास कमी होईना. घुसमटीच्या भावनेचे कारण मुख्यत्वे शरीराची उष्णता बाहेर टाकता न येणे हे आहे, असे ह्यावरून ठरले.

स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकीत असतो. गुप्त यांचा लहान आकडा धरला तरी ६४ माणसांची उष्णता ६,४०० वॉट होते. जूनमधल्या कोलकात्याच्या दमट रात्री, पंचवीस चौरस मीटरांच्या खोलीत, एक किलोवॉटच्या सहा शेगड्या पेटवून ठेवल्यासारखाच हा प्रकार. दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत असल्याने हवेस आरपार जाण्यास वाट नव्हती. प्राणवायू संपण्याच्या किती तरी आधी उष्णतेने आपले काम केले असले पाहिजे.

ह्या शोधाचा एक अनपेक्षित परिणाम मात्र झाला. माणसास दोन गोष्टी लागतात: अंगची उष्णता वाहून नेणारी थंड व हलती हवा, आणि उच्छ्वास, घाम, सामानसुमान व रंगरोगण ह्यांतून निघणारी द्रव्ये पातळ करणारी बाहेरची ताजी हवा. पहिलीची उणीव शरीरास तत्काळ कळते. दुसरीची कळत नाही. वातानुकूलनाचे यंत्र पहिली गरज उत्तम भागविते. तेच तेच वारे पुन्हा पुन्हा थंड करून खोलीत फिरविले तरी बसणारास गारवा मिळतो व तक्रार राहत नाही. १७५६ च्या त्या खोलीतील माणसास आपण गुदमरत आहो हे कळत होते. चौरंगीवरील काचबंद कचेरीत दुपारी जांभया देणाऱ्या कारकुनास ते कळत नाही. तो जेवणास किंवा वयास दोष देतो.

जुने कोलकाता ह्या बाबतीत अडाणी नव्हते. उन्हाळ्यात येथे वारा दक्षिणेकडून येतो आणि दक्षिणेचा वारा ही बंगाली माणसाच्या बोलण्यात सुखाची खूण आहे. उत्तर कोलकात्यातील वाड्यांच्या खिडक्यांना उघडझाप करता येणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिली असतात. त्यांना तेथे ‘खडखडी’ म्हणतात. ऊन व पाऊस अडवून वारा आत घेणारे हे साधन आधुनिक लूव्हरचेच पूर्वज होय. १८०३ मध्ये पुरे झालेले गव्हर्नमेंट हाउस मध्यभागापासून चार अंगे बाहेर काढून बांधले आहे, त्यामुळे वारा कोणत्याही दिशेचा असला तरी तो कोठून ना कोठून आत शिरतो. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही उष्ण व दमट प्रदेशासाठी खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश सांगितले आहे. उष्ण व कोरड्या प्रदेशास तेच एक दशांश पुरते. पाचशे चौरस फुटांच्या दिवाणखान्यास म्हणजे त्र्याऐंशी चौरस फूट उघडी जागा झाली. वातानुकूलित इमारतीत ह्या साऱ्या खिडक्या बंद होतात आणि त्यांचे काम बाहेरच्या भिंतीतील एका जाळीदार चौकटीवर येऊन पडते. सबंध इमारत त्या एकाच नाकाने श्वास घेते.

किती हवा?

चौकटीचे माप काढावयाचे तर प्रथम हवेचे माप पाहिजे. त्याची पहिली शास्त्रीय कसोटी म्यूनिकच्या मॅक्स पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये दिली. कार्बन डाय-ऑक्साइड स्वतः त्या प्रमाणात घातक नाही, हे त्यांनी जाणले होते. परंतु उच्छ्वासाबरोबर इतर जे काही हवेत येते त्याचा तो सोईस्कर दर्शक आहे. खोलीतील त्याचे प्रमाण हजारात एक, म्हणजे दहा लाखांत १,००० भाग, ह्यापलीकडे जाऊ नये असे त्यांनी सुचविले. ही मर्यादा आजही अभियंत्यांच्या बोलण्यात आहे.

तीवरून माणशी लागणारी हवा काढणे हे शाळकरी गणित आहे. बसून काम करणारा मनुष्य सेकंदाला सुमारे ५ मिलिलिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. त्याच्या वाट्यास सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा आली, तर दहा हजारांत पाच, म्हणजेच दहा लाखांत ५०० भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत हे प्रमाण आज मुळातच ४२० च्या वर आहे. दोन्ही मिळून सुमारे ९२० होतात आणि पेटेनकोफर यांची मर्यादा पाळली जाते. हवा निम्म्यावर आणली की भर दुप्पट होऊन आकडा १,४०० च्या वर जातो.

हवा निम्म्यावर आणण्याचा मोह मात्र जबर असतो, कारण बाहेरची हवा थंड करणे महाग पडते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत इंधन वाचविण्याची निकड लागली, तेव्हा तेथील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ॲशरेने, १९८१ च्या मानकात धूम्रपान नसलेल्या कचेऱ्यांसाठी माणशी सेकंदाला केवळ अडीच लिटर हवा पुरेशी मानली. त्या दशकात डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ व थकवा ह्यांच्या तक्रारी बंद इमारतींतून येऊ लागल्या आणि ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९८९ मध्ये त्याच संस्थेने कचेऱ्यांसाठी हा आकडा चौपट करून १० लिटरवर नेला. २००४ पासून तिने हिशेब दोन भागांत मांडला आहे: कचेरीत माणशी २.५ लिटर, आणि त्याशिवाय जमिनीच्या दर चौरस मीटरला ०.३ लिटर. माणसे आपली हवा बिघडवितात तशीच भिंती, सतरंज्या व कपाटेही बिघडवितात, हे त्यामागील तत्त्व आहे.

आता डलहौसी चौकाच्या आसपास पाच मजल्यांची एक काल्पनिक कचेरी घेऊ. प्रत्येक मजला १,००० चौरस मीटर व त्यावर १०० माणसे. वरील नियमाने मजल्यास २५० अधिक ३००, म्हणजे सेकंदाला ५५० लिटर हवा लागते. हा किमान आकडा झाला, आणि कोलकात्याच्या दाट कचेऱ्यांत किमानावर थांबणे शहाणपणाचे नाही. त्याने माणशी साडेपाच लिटरच हवा मिळते व कार्बन डाय-ऑक्साइड तेराशेच्या वर जातो. यास्तव येथे माणशी १० लिटर धरलेले बरे. मजल्यास एक घनमीटर आणि सबंध इमारतीस सेकंदाला ५ घनमीटर हवा, असा सरळ आकडा हाती येतो.

दिसणारे भोक आणि खरे भोक

पाच घनमीटर हवा आत नेणारा पत्र्याचा नळ समजा सेकंदाला ६ मीटर वेगासाठी केला. त्याचे छेदक्षेत्र पाचास सहाने भागून ०.८३ चौरस मीटर येते. येथेच पुष्कळ वेळा चूक घडते. गवंड्यास नळाचे माप सांगितले जाते, तो भिंतीत तेवढेच भोक पाडतो, सुतार किंवा लोहार त्यावर झिलमिली बसवितो आणि काम संपले असे सर्वांस वाटते.

झिलमिलीची तिरपी पाती, त्यांची चौकट व मधले उभे आधार मिळून दर्शनी क्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग अडवितात. सामान्य बनावटीत हवेस खरोखर मोकळे क्षेत्र शेकडा ४५ च्या आसपास असते. ०.८३ चौरस मीटर दिसणाऱ्या भोकात मोकळी जागा ०.३७ चौरस मीटरच उरली. तेवढ्यातून ५ घनमीटर हवा काढावयाची तर पात्यांमधून तिचा वेग सेकंदाला १३ मीटरांहून अधिक, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर, होईल.

योग्य मार्ग उलट दिशेने जातो. पात्यांमधील वेग किती चालेल हे प्रथम ठरवावे. साध्या झिलमिलीस सेकंदाला अडीच मीटर ही सावध मर्यादा होय. पाचास अडीचने भागले की मोकळे क्षेत्र २ चौरस मीटर आले, त्यास ०.४५ ने भागले की दर्शनी क्षेत्र ४.४ चौरस मीटर. भिंतीत सुमारे ३ मीटर लांब व दीड मीटर उंच चौकट पाहिजे, म्हणजे गवंड्याने पाडलेल्या भोकाच्या पाचपटीहून मोठी. वास्तुविशारदास दर्शनी भिंतीवर एवढी मोठी जाळी बहुधा रुचत नाही आणि वाटाघाटीत ती लहान होत जाते. ह्या वाटाघाटीत इमारतीत बसणारांच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो.

लहान भोकाने काय बिघडते? हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग अडीचवरून सव्वातेरावर, म्हणजे ५.३ पट, गेला तर रोध २८ पट होतो. पंख्याजवळ एवढी शक्ती राखून ठेवलेली नसते. तो हवा कमी ओढतो, त्याचा आवाज वाढतो, वीज खर्च होते आणि कागदावरील ५ घनमीटरांऐवजी प्रत्यक्षात किती तरी कमी हवा आत येते. थंडावा मात्र कायम राहतो. म्हणून हा तोटा कोणाच्या लक्षात येत नाही.

पाऊस

अडीच मीटर हा आकडा आला कोठून? त्याचे उत्तर पावसाच्या थेंबात आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो, एक मिलिमीटरचा सुमारे ४ मीटर, आणि अर्ध्या मिलिमीटरचा अवघा २ मीटर. हवेचा वेग थेंबाच्या पडण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असेल तर थेंब पात्यावर आपटून खाली ओघळतो. जास्त असेल तर हवा त्यास उचलून आत नेते. अडीच मीटर वेगास अर्ध्या मिलिमीटरचे तुषार तेवढे वाहून जातात. तेरा मीटर वेगापुढे मात्र टपोरा थेंबही टिकत नाही, पाच मिलिमीटर व्यासाचा थेंबसुद्धा सुमारे ९ मीटर वेगानेच पडतो. पात्यांवरून ओघळणारे पाणीही असा वेग ओरबाडून आत ओढतो. आत गेलेले पाणी गाळणी भिजविते, नळाचा पत्रा गंजविते, अस्तराच्या कापसात मुरते आणि तेथे बुरशी धरते. मग तिचे बीजाणू प्रत्येक टेबलापर्यंत पोचविण्याचे काम पंखा इमानाने करतो.

वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या शहरात हा धोका क्वचितचा नव्हे. शिवाय चैत्र-वैशाखात सायंकाळी वायव्येकडून येणारे वादळ, ज्यास बंगालमध्ये कालबैशाखी म्हणतात, पाऊस आडवा मारते. झिलमिलीच्या पाणी अडविण्याच्या रूढ परीक्षेत पाऊस सरळ खाली पडतो. वाऱ्यासह पावसाची परीक्षा निराळी असते, व ती दिलेली झिलमिली मागून घ्यावी लागते. पात्यांच्या कडांना पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळ्या असलेल्या झिलमिलीस अडीच मीटरांहून अधिक वेग सोसतो, ह्यात शंका नाही. तथापि उत्पादकाच्या परीक्षेचा तक्ता पाहिल्यावाचून तशी सवलत घेऊ नये. काही थेंब आत यावयाचेच, हे गृहीत धरून झिलमिलीच्या मागे एक लहान कोठी ठेवावी, तिची जमीन बाहेरच्या बाजूस उतरती व पाणी न मुरणारी करावी आणि तीस निचऱ्याची नळी जोडावी.

उंबरठ्याची उंचीही पावसावरूनच ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत २५० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडून कोलकात्याचे रस्ते बुडाले. अशा शहरात फुटपाथला लागून असलेले प्रवेशमुख हवेऐवजी पाणी पिईल. रस्त्यावर आजवर चढलेल्या पाण्याची सर्वांत वरची खूण शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घ्यावी. नकाशापेक्षा ती अधिक खरी असते.

भुयारी रेल्वेस ही अडचण चुकविता येत नाही. भारतातील पहिली भुयारी रेल्वे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड व भवानीपूर ह्यांच्या दरम्यान ३.४ किलोमीटरांवर सुरू झाली, तेव्हा स्थानकांत पंख्यांनी ढकललेली, पाण्याच्या तुषारांतून धुऊन गार केलेली हवा पुरविण्याची योजना तीत होती. २०२४ मध्ये हुगळीखालून गेलेल्या नव्या मार्गासाठी स्ट्रँड रोडजवळ सुमारे ४३ मीटर खोल विहिरीसारखा एक कूप खणलेला आहे. हवा खेळविणे आणि संकटसमयी माणसांस बाहेर काढणे, ही दोन्ही कामे त्याजकडे आहेत. जमिनीखाली बसणारास हवेचे प्रवेशमुख विसरून चालत नाही. तीन मजले वर बसणारास मात्र ते सहज विसरता येते.

कोणती हवा?

माप बरोबर आले तरी जागा चुकली तर सारे व्यर्थ. दक्षिणेचा वारा म्हणून रस्त्याकडील दक्षिण भिंतीत, बसथांब्याच्या वर प्रवेशमुख ठेवले, तर इमारत वारा न घेता डिझेलचा धूर घेते. वीज वारंवार जाण्याच्या काळात कोलकात्यात जागोजागी जनित्रे आली. त्यांची धुराडी अरुंद बोळांत सोडलेली असतात, आणि बोळाकडील भिंत दर्शनी नसल्यामुळे प्रवेशमुखही नेमके तेथेच ढकलले जाते. ॲशरेच्या मानकात ह्याबद्दल किमान अंतरे दिलेली आहेत: रहदारीच्या मोठ्या रस्त्यापासून व शीतन-मनोऱ्याच्या उत्सर्गापासून साडेसात मीटर, मोटारी ठेवण्याच्या जागेच्या दारापासून ५ मीटर. शीतन-मनोऱ्याचा उल्लेख औपचारिक नव्हे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात उतरलेल्या माजी सैनिकांत न्यूमोनियाची जी साथ उद्भवली, तिचे जंतू पाण्यात वाढून तुषारांवाटे पसरणारे होते व त्यांचा संबंध वातानुकूलनाच्या व्यवस्थेशी जोडण्यात आला.

हिवाळ्यात प्रश्न पालटतो. वारा उत्तरेचा व मंद होतो, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडते आणि शहराचा धूर व धूळ तीतच राहतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कणांसाठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरात ६० मायक्रोग्रॅम आहे. कोलकात्यात हिवाळ्याचे पुष्कळ दिवस ती ओलांडतात. बाहेरची हवा ‘ताजी’ असते हे गृहीतच तेव्हा डळमळते, आणि प्रवेशमुखामागे चांगली गाळणी हवी. गाळणीसही क्षेत्र लागते. तिच्यासमोर वेग पुन्हा अडीच मीटरांच्या आतच ठेवावा लागतो, म्हणून लहान भोकामागे मोठी गाळणी बसवून भागत नाही. हवेस पसरण्यास मध्ये अंतर पाहिजे. धूळ साचेल तसा गाळणीचा रोध वाढतो, ह्याचीही तरतूद पंख्यात करावी.

प्रवेशमुख व हवेचे नळ आपल्या स्वाधीन केलेले सर्व काही निमूटपणे वाहून नेतात. ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील एका खाजगी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. मोटारींसाठी मंजूर झालेल्या त्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठविलेले होते. ज्वाळा वरच्या मजल्यांवर फारशा गेल्या नाहीत, धूर गेला. वातानुकूलनाच्या नळांतून आणि मजल्यामजल्यांतून जाणाऱ्या पोकळ्यांतून तो वर चढला, काचबंद भिंतींमुळे त्यास बाहेर जाण्यास वाट मिळाली नाही, आणि अंथरुणावरून उठू न शकणारे सुमारे नव्वद जण, बहुतेक गुदमरून, मरण पावले. तळघरातील किंवा उतारालगतची हवा कधीही आत घेऊ नये. प्रवेशमुखामागे घट्ट बंद होणारी झडप असावी. नळात धूर येताच पंखा आपोआप थांबावा. आणि प्रत्येक मजल्याच्या सीमेवर आग अडविणाऱ्या झडपा असाव्यात. हे नियम कागदावर पूर्वीपासून आहेत. झडप वर्षातून एकदा तरी खरोखर बंद होते की नाही, हे कोणी पाहतो काय, हा प्रश्न उरतो.

झडप कोण बंद करतो?

आगीत बंद होण्यासाठी असलेली हीच झडप एरवी निराळ्या कारणाने बंद आढळते. मे महिन्यात बाहेरचे तापमान ३५ अंश व ओल्या फडक्याचे तापमान २८ अंश असताना, आपल्या काल्पनिक कचेरीतील ५ घनमीटर हवा २४ अंशांवर व मध्यम आर्द्रतेवर आणावयाची तर सुमारे २२० किलोवॉट उष्णता काढावी लागते, म्हणजे साठाहून अधिक टनांचे शीतन. त्या हवेतून ताशी सुमारे २२० लिटर पाणी निथळते. एवढी वीज वाचविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाहेरच्या हवेची झडप ओढून घेणे. त्याची तक्रार येत नाही, विजेचे बिल उतरते आणि यंत्रचालकाची पाठ थोपटली जाते. साडेचार चौरस मीटरांचे प्रवेशमुख भिंतीत तसेच दिसत राहते.

ह्यावर देखरेख करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. वायुवेगमापक घेऊन झिलमिलीसमोर चौकटीचे समान भाग पाडावेत, प्रत्येक भागात वेग मोजून सरासरी घ्यावी व तीस दर्शनी क्षेत्राने गुणावे. आपल्या कचेरीत ही सरासरी सेकंदाला १.१ मीटर आली पाहिजे. खोलीत दुपारी चारच्या सुमारास कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण पाहावे. ते हजाराच्या बरेच वर असेल तर प्रथम झडप पाहावी, नंतर गाळणी, आणि त्यानंतर पात्यांमागील पक्षी अडविणारी जाळी. ह्या जाळीवर काजळी व तंतू बसून मोकळे क्षेत्र हळूहळू निम्मे होते. पावसाळ्यापूर्वी ती उतरवून धुवावी, आणि कोठीतील निचऱ्याच्या नळीत बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडते की नाही हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.